पहिली ठेच

रस्त्यावरच्या मोठ्या अपघातांची बातमी आपल्यापर्यंत लगेच पोचते. किती माणसे गेली, किती जखमी झाली, आणि शेवटी ते ठरलेले वाक्य – ड्रायव्हर गाडी सोडून पळून गेला. आज मी अशा मोठ्या अपघाताविषयी बोलणार नाही. मला बोलायचे आहे ते लहान अपघाताविषयी. एखाद्या वळणावर बंडीचे चाक मोडते, कुणाच्या कुंपणाचा खांब पडतो, एखादी शेळी चाकाखाली येते. त्याची बातमी होत नाही. पण ज्याच्या हातून ते घडते, तो जर नवा ट्रक-ड्रायव्हर असेल, तर त्याच्या आयुष्यातला तो फार मोठा दिवस असतो. त्या दिवशी तो थांबतो की पळतो, खरे बोलतो की खोटे, यावर पुढची तीस वर्षे तो कसला ड्रायव्हर होणार हे पुष्कळसे ठरून जाते. आणि त्या ठरण्यात एकट्या त्याचाच नव्हे, तुमचा-माझाही हात असतो. तो कसा, हेच आज पाहू.

आपले हे दोन जिल्हे, चंद्रपूर आणि गडचिरोली, २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत एकच होते. जिल्हे दोन झाले, पण जंगल वाटले गेले नाही आणि रस्तेही वाटले गेले नाहीत. एक रस्ता चंद्रपूरहून मूल, सावली, गडचिरोली, धानोरा करीत मुरूमगावावरून छत्तीसगडात उतरतो. दुसरा वडसा, आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी, आष्टी, आलापल्ली अशी गावे घेत थेट सिरोंच्यापर्यंत जातो. घुग्घुस-बल्लारपूरकडचा कोळसा, गडचांदूर भागातले सिमेंट, आलापल्लीचे सागवान, उन्हाळ्यात तेंदूपत्त्याची पोती, दिवाळीनंतर धान, सगळे याच रस्त्यांनी जाते. बल्लारपूरच्या कागद गिरणीसाठी कितीतरी वर्षे जंगलातला बांबू ट्रकांवरूनच गेला. आणि २०२१ पासून सूरजागडच्या खाणीतले लोहखनिज घेऊन जाणाऱ्या अवजड गाड्यांनी एटापल्ली-आलापल्लीकडचे रस्ते भरून गेले. ज्या वाटेवर पूर्वी दिवसाकाठी चार मोटारी दिसत, तिथे आज पोर रस्ता ओलांडायला उभे राहिले तर बराच वेळ उभेच राहते.

एवढ्या गाड्या, म्हणजे तेवढे ड्रायव्हर आलेच. आणि ते काही आकाशातून पडत नाहीत. आपल्याच शाळांत दोन-चार इयत्ता शिकलेली, शेतीवर भागत नाही म्हणून घराबाहेर पडलेली ही मुले. आधी क्लीनर म्हणून चढायचे, उस्तादाच्या हाताखाली चाके ठोकून पाहायची, काच पुसायची, रात्री मागे बघून ‘आने दो, आने दो’ ओरडायचे. मग कधीतरी मोकळ्या रस्त्यावर उस्ताद म्हणतो, ‘ये, बस इकडे.’ कायद्याने अवजड गाडीसाठी वय निदान वीस वर्षे लागते, आणि हलक्या गाडीचा परवाना आधी एक वर्ष हाती असावा लागतो. आठवी पास असण्याची जुनी अट २०१९ साली काढून टाकण्यात आली. ते बरेच झाले. गरिबाला एक दार उघडले. पण शाळेची अट गेली म्हणून शिकण्याची गरज गेली, असे मात्र नाही.

आता एक प्रसंग कल्पनेने डोळ्यांपुढे आणा. कार्तिकाचे दिवस आहेत. धानाची कापणी संपत आली आहे. मूल-गडचिरोली रस्त्यावरचे कुठलेही एक गाव घ्या. दिवस बुडालेला, धूळ आणि चुलींचा धूर खाली उतरलेला. धानाचे भारे भरलेली एक बंडी रस्त्याच्या कडेने गावाकडे वळते आहे. मागून एक ट्रक येतो. ड्रायव्हर बावीस-तेवीस वर्षांचा, स्वतंत्रपणे गाडी हातात घेऊन त्याला तीन आठवडे झालेले. त्यालाही राइस मिलकडे डावीकडेच वळायचे आहे. त्याने बंडी पाहिली आहे, वेगही कमी केला आहे. तोंड नीट वळले. त्याला वाटले, निघालो. आणि तेवढ्यात मागून लाकूड मोडल्याचा आवाज आला.

झाले काय? त्याचे तोंड निघाले, पण मागची चाके निघाली नाहीत. श्रोतेहो, हे नीट ध्यानात घ्या, कारण बंडीवाल्यालाही याचा उपयोग आहे. लांब गाडी वळते तेव्हा पुढच्या चाकांच्या वाटेने मागची चाके जात नाहीत. ती आतल्या बाजूने, वळण कापून जातात. वळण जेवढे आवळ आणि गाडी जेवढी लांब, तेवढा हा फरक मोठा. गावातल्या वळणावर तो सहज दोन-तीन हात भरतो. जीपगाडी चालवलेल्या मुलाला याचा अंदाज नसतो. म्हणून ट्रक वळत असताना त्याच्या आतल्या बाजूला सायकल, बंडी, माणूस, कुणीच उभे राहू नये. ड्रायव्हरला तुम्ही आरशात दिसत असाल, या भरवशावर तर मुळीच राहू नये.

तर बंडीचे चाक मोडले. बंडी कलली, भारे घसरले, म्हातारा शेतकरी खाली आला. कोपर सोलले. एका बैलाच्या गुडघ्याचे कातडे गेले. ट्रकला म्हणाल तर नुसता ओरखडा.

इथून पुढची पाच मिनिटे महत्त्वाची.

त्या पोराच्या पायांतले बळ गेलेले असते. तोंड कोरडे पडते, कानांत गरगरते. क्लीनर ओरडतो, ‘दाब, दाब, निघ इथून!’ मनात एकाच वेळी चार माणसे उभी राहतात – मार देणारे गाव, पगार कापणारा मालक, पोलीस, आणि घरी वाट पाहणारी आई. हा भित्रेपणा नव्हे. शरीराचा तो धर्मच आहे. जुन्या ड्रायव्हरालाही तो सुटलेला नाही. पाय थरथरला म्हणून कुणी लाज बाळगू नये. फक्त तो थरथरता पाय पडतो कुठे, ब्रेकवर की दाबणीवर, एवढाच प्रश्न आहे.

तरुण ड्रायव्हर मित्रा, तू ऐकत असशील तर तुला सांगतो. गाडी थांबव. कडेला घे, हँडब्रेक ओढ, इंजिन बंद कर, दिवे चालू ठेव, चाकाला दगड लाव. मागे जरा दूर क्लीनरला उभा कर, नाहीतर एका अपघाताचे दोन होतात. रस्त्यावर खुणेसाठी दगड आणि फांद्या ठेवाव्या लागल्या, तर निघताना त्या आठवणीने उचल. अंधारात मागे राहिलेला एक धोंडा मोटारसायकलवाल्याचा जीव घेऊ शकतो. मग आधी माणसाकडे जा. स्वतःच्या गाडीचा ओरखडा नंतर पाहा. ‘काका, लागलं का? बसा जरा, पाणी घ्या,’ हे पहिले शब्द असू देत. ‘बंडी मध्ये का आणली?’ हे पहिले शब्द असतील, तर पुढचे सगळे बिघडलेच म्हणून समज.

जखम मोठी असेल तर १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. पोलिसांसाठी ११२ आहे. एटापल्ली-भामरागडकडे पुष्कळ ठिकाणी फोनला आवाज मिळत नाही. तिथे गावातल्या आशाताईला गाठावे, आरोग्य केंद्राची वाट विचारावी. आणि एक गोष्ट विसरू नये. धीर यावा म्हणून कुणी मोहाचा पेला पुढे करील. प्रेमाने करील. घेऊ नये. नंतर रक्त तपासले गेले, तर तो पेला आधीचा की नंतरचा हे कोण सांगणार?

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. आपल्याकडे कायद्याचे नाव काढले की माणूस दबकतो, पण या बाबतीत कायदा समजण्यासारखा आहे. १९३९च्या मोटार वाहन कायद्यात ड्रायव्हरचे कर्तव्य सांगितलेले होते, आणि त्याच्या जागी आलेल्या १९८८च्या कायद्यातही ते आहे. कलम १३२ सांगते की माणसाला, जनावराला, दुसऱ्या वाहनाला किंवा मालमत्तेला इजा झाली तर थांबावे, आणि आपले नाव-पत्ता द्यावा. जनावर म्हणजे कोणते, याचीही यादी तिथे आहे – घोडा, गुरे, हत्ती, उंट, गाढव, खेचर, मेंढी आणि शेळी. म्हणजे शेळी चाकाखाली आली तरी थांबणे हे नुसते सौजन्य नव्हे, कर्तव्य आहे. कलम १३४ सांगते की माणूस जखमी झाला असेल तर त्याला जवळच्या डॉक्टरकडे किंवा दवाखान्यात पोचवण्याची खटपट करावी. जागेवर पोलीस नसेल तर लवकरात लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत चोवीस तासांच्या आत, जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन सांगावे. आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. हे न करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतात.

पण याच कलमात एक सवलत आहे, आणि ती वाचून मी बराच वेळ विचार करीत बसलो. कायदा म्हणतो की जखमीला पोचवण्याचे कर्तव्य ड्रायव्हरवर आहे, मात्र जमावाच्या क्षोभामुळे ते शक्य नसेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे आपण रस्त्यावर काय करतो हे कायदा करणाऱ्यांना पुरते ठाऊक होते! आपल्या मारझोडीची नोंद देशाच्या कायद्यात झाली आहे. यात आपण अभिमान बाळगावा असे काही नाही.

कुणी म्हणेल, ‘गुरुजी, तुमचं ठीक आहे. ज्याचा बैल गेला, ज्याचं पोर गेलं, त्याला विचारा.’ बरोबर आहे. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे मेली. हा राग हवेतून आलेला नाही. भरधाव खनिजाच्या गाड्यांखाली ज्यांची माणसे गेली, त्यांनी गप्प बसावे असे मी म्हणणार नाही. पण रागाचा हिशेब तरी नीट मांडू या. आपण मारतो कुणाला? जो थांबला त्याला. जो पळाला तो आपल्या हाती लागतच नाही. म्हणजे थांबणाऱ्याला शिक्षा आणि पळणाऱ्याला सुटका, असा नियम गावाने आपल्या हाताने घालून दिला. ही गोष्ट एका ढाब्यावरून दुसऱ्या ढाब्यावर जाते. मग पुढचा ड्रायव्हर थांबत नाही. आणि तो पळतो तेव्हा रस्त्यावर पडलेले असते ते आपलेच माणूस, ज्याला त्या ट्रकमधून दहा मिनिटांत दवाखान्यात नेता आले असते.

पळून गेलेल्या गाडीचा दुसराही तोटा आहे. गाडी माहीत असेल तर विमा असतो, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे नुकसानभरपाई मागता येते. पळालेली गाडी सापडलीच नाही तर? त्यासाठी सरकारची वेगळी योजना आहे. १ एप्रिल २०२२ पासून तिच्यात मृत्यूला दोन लाख आणि गंभीर जखमेला पन्नास हजार रुपये ठरले. सोललेल्या कोपराला, मोडलेल्या बंडीला, लंगडणाऱ्या बैलाला तिच्यात काही नाही. म्हणजे लहान अपघातात ड्रायव्हर पळाला की गरिबाचे नुकसान पुरतेच बुडाले.

तेव्हा श्रोतेहो, गाडी थांबली की तिच्याभोवती गोळा व्हा, जरूर व्हा. पण चार शहाणी माणसे पुढे असू द्या. पोलीस पाटलाला बोलवा, सरपंचांना बोलवा. गाडीचा नंबर लिहून घ्या, परवाना पाहा, फोनवर फोटो काढा. जखमीला उचलायला घाबरू नका. २०१९च्या दुरुस्तीने कलम १३४-अ आले आहे. अपघातग्रस्ताला चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर त्यामुळे दावा किंवा खटला चालत नाही. आणि त्या पोराला एका बाजूला बसवा. त्याला पाणी द्या. तो परप्रांतातला असेल, त्याला मराठी येत नसेल. आपल्याकडच्या माडिया म्हातारीला त्याची हिंदी कळत नसेल. दोघांच्या मध्ये एक जाणता माणूस उभा राहिला की अर्धा तंटा तिथेच मिटतो.

जाता जाता आणखी एक वाद सांगतो. २०२३च्या अखेरीस आलेल्या भारतीय न्याय संहितेत असे एक पोटकलम होते, की बेफिकिरीने गाडी चालवून मृत्यू घडवला आणि न कळवता पळ काढला, तर दहा वर्षांपर्यंत कैद. जानेवारी २०२४च्या आरंभी देशभर ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या. त्यांचे म्हणणे काय होते? ‘थांबलो तर लोक मारतात, निघालो तर कायदा मारतो.’ १ जुलै २०२४ रोजी ती संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवण्यात आले. वाद कुणाचाही बरोबर असो. पण त्या तक्रारीचा पहिला अर्धा भाग खोटा ठरवणे संसदेच्या नव्हे, गावाच्या हाती आहे.

बरे, ती संध्याकाळ निभावली. ठाण्यात नोंद झाली. बंडीच्या चाकाचे काय द्यायचे ते चारचौघांत ठरले, कागदावर लिहिले गेले. कोऱ्या कागदावर मात्र कुणीच अंगठा किंवा सही देऊ नये – ड्रायव्हरनेही नाही आणि शेतकऱ्यानेही नाही. मग मालकाला फोन. इथे खोटे बोलण्याचा मोह फार असतो: ‘बंडीच अंगावर आली.’ असे खोटे दुसऱ्या दिवशी उघडे पडते, आणि मग खरे सांगितले तरी कुणी विश्वास ठेवत नाही. ‘वळताना मागचं चाक लागलं. माणूस बरा आहे. नोंद केली आहे,’ ही तीन वाक्ये पुरेत.

मालकांनाही एक सांगणे आहे. पहिल्याच चुकीला सगळा पगार कापलात, तर पुढची चूक हा मुलगा तुमच्यापासून लपवील, आणि लपवलेली ब्रेकची तक्रार ही ओरखड्याहून फार महाग पडते. १९६१च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती, आणि पाच तासांच्या कामानंतर निदान अर्धा तास विसावा सांगितला होता. खेपा वाढाव्यात म्हणून तो विसावा खाऊन टाकला, तर त्या अपघाताच्या चुकीत मालकाचाही वाटा आहे.

त्या रात्री पोराला झोप लागणार नाही. तो लाकूड मोडल्याचा आवाज पुन्हा पुन्हा ऐकू येईल. पुढे दोन वाटा असतात, आणि दोन्ही चुकीच्या. एक – ‘काही झालं नाही, होतच असतं,’ म्हणून हसण्यावारी नेणे. दुसरी – दुधाने तोंड पोळले म्हणून ताकही न पिणे. प्रत्येक वळणावर हात आखडणे, नाहीतर धंदाच सोडून देणे. मधली वाट उस्तादाजवळ असते. दुसऱ्या दिवशी त्याला शेजारी बसवून पुन्हा त्याच वळणावरून जावे. तोंड कुठून घ्यायला हवे होते, आरशात केव्हा पाहायला हवे होते, बंडी पूर्ण निघेपर्यंत थांबलो असतो तर किती वेळ गेला असता, हे मोजावे. एक मिनिटसुद्धा गेले नसते! चुकीचे असे तुकडे केले की तिची भीती वाटेनाशी होते आणि तिचा धडा तेवढा उरतो.

वेगाचाही हिशेब त्याने मनाशी करावा. ताशी चाळीस किलोमीटरवर गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते, साठवर जवळजवळ सतरा. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढी जमीन ब्रेक लागण्याआधीच निघून गेली. आणि वेग दुप्पट केला, तर ब्रेक लागल्यावर थांबायला जागा दुप्पट नव्हे, चौपट लागते. भरलेली गाडी, ओला रस्ता, हवेच्या ब्रेकला लागणारा किंचित उशीर, हे सगळे त्यावर आणखी.

या हिशेबाबरोबर आपल्या मुलखाचे पंचांगही पाठ असावे. चैत्रात पहाट होण्याआधी बायका-पोरे रस्त्याकडेच्या मोहाखाली फुले वेचायला वाकलेली असतात. चंद्रपुरात महाकालीची यात्रा असते, महाशिवरात्रीला मार्कंड्याला लोक चालत जातात. पावसाळ्यात गुरे कोरडी जागा म्हणून डांबरावर येऊन बसतात. दिवाळीनंतर रस्त्यावर धान वाळत पडते. हिवाळ्यात झाडीपट्टीची नाटके सुरू झाली की मध्यरात्रीनंतरही माणसे घोळक्याने परतताना भेटतात. आणि चितळ, सांबर, रानडुक्कर, बिबट्या यांना तर कोणताच महिना नाही. रानातल्या जनावराला धक्का लागला तर १९२६ या क्रमांकावर वनखात्याला कळवावे. मेलेले चितळ गाडीत टाकून नेणे हा गुन्हा आहे.

शिक्षक बंधू-भगिनींनो, शेवटी तुमच्याकडे येतो. तुमच्या वर्गातल्या मागच्या बाकांवर उद्याचे ड्रायव्हर बसले आहेत. गणिताच्या तासाला आगगाडी आणि हौद यांच्या जोडीला एक ट्रक घ्या. सेकंदाला किती मीटर, हे त्यांच्याकडून काढून घ्या. शाळेच्या मैदानावर दोरीने वळण आखा आणि बैलबंडी चालवून मागच्या-पुढच्या चाकांची वाट दाखवता येत नसेल, तर ट्रॅक्टरची ट्रॉली वळताना मुलांना पाहायला लावा. १०८ आणि ११२ पाढ्यांसारखे पाठ करून घ्या. आणि एक प्रश्न वर्गात विचारा: ‘तुझ्या हातून कुणाचं चाक मोडलं, आणि कुणी पाहिलं नाही, तर तू काय करशील?’ उत्तर लगेच सांगू नका. मुलांना आपापसांत भांडू द्या. जो मुलगा वर्गात या प्रश्नावर एकदा थांबून विचार करील, तो पुढे रस्त्यावर थांबण्याची शक्यता अधिक.

रस्ते रुंद होत राहतील, गाड्या वाढतच जातील. पण गाडी थांबवून खाली उतरणारा माणूस कारखान्यात तयार होत नाही. तो घरात, शाळेत आणि गावाच्या चावडीवर तयार होतो. असा एखादा पोरगा उद्या तुमच्या गावाच्या वळणावर थांबला, तर त्याला थांबल्याचा पश्चात्ताप होऊ देऊ नका.